५० घेऊ की ५५-२५०? आधी घड्याळ बघ

खानापूरहून एका मुलीनं विचारलंय. तिचा प्रश्न थोडक्यात असा:

"काका, कॅनन १५००डी घेऊन दोन वर्षं झाली. सोबत मिळालेली १८-५५ लेन्सच अजून वापरते. नोकरी बेळगावात. सकाळी लवकर निघते, परत घरात पाऊल टाकेपर्यंत सात वाजतात. घरी दोन वर्षांची पुतणी आहे, तिचे फोटो हलतात. आमच्या मागच्या बाजूला कुंभारांची घरं आहेत. तिथलं काम टिपायला मला फार आवडतं, पण आत अंधार, फोटो दाणेदार येतात. रविवारी मलप्रभेच्या काठाला बगळे, खंड्या दिसतात, ते लांब पडतात. पंधरा हजार साठवलेत. मैत्रिणी म्हणतात ५० एफ/१.८ घे. दुकानदार म्हणाला ५५-२५० घ्या, सगळ्यात उपयोगी. नेमकी कुठली घेऊ सांगा की."

काका म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करतो. नवख्यांसाठी आकड्यांची ओळख एका ओळीत: लेन्सचे एमएम (५०, ५५-२५०) जितके जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते, उजेड जास्त येतो. आधी उत्तर सांगून टाकतो: ५० घे. पण मैत्रिणी म्हणतात म्हणून घेऊ नकोस. तुझ्या प्रश्नात तू एक वाक्य सहज लिहून गेलीस, 'घरात पाऊल टाकेपर्यंत सात वाजतात', त्या वाक्यासाठी घे.

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या स्टुडिओत नवी मुलं लेन्सचं विचारायला येतात. तुला कशाचे फोटो आवडतात असं विचारलं की सगळे भरभरून सांगतात: पक्षी, माणसं, राजहंसगड, शिवजयंतीच्या रात्रीचे चित्ररथ. मी दुसरा प्रश्न विचारतो, कॅमेरा तुझ्या हातात कधी असतो? इथं बहुतेकजण थांबतात, कारण हा विचार कुणी केलेलाच नसतो. हौसेनं फोटो काढणाऱ्याचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो. सकाळचं सोनेरी ऊन गाडीत जातं, दुपार ऑफिसात जाते, आणि कॅमेरा पिशवीतून बाहेर येतो तेव्हा घरात ट्यूबलाइट लागलेली असते. आवड कितीही असो, लेन्स त्या वेळच्या उजेडात चालायला हवी. तुझं गणित तर सरळ आहे. आठवड्यात सहा संध्याकाळी आणि एक रविवार सकाळ.

माझ्यावर विश्वास ठेवून पैसे घालू नकोस, स्वतः तपासून बघ. गेल्या तीन-चार महिन्यांतले फोटो कॉम्प्युटरवर उघड. जे फसले, तेच तेवढे वेगळे काढ. प्रत्येक फोटोच्या माहितीत काढल्याची वेळ, शटर स्पीड (किती वेळ उजेड आत आला), आयएसओ (उजेड कमी असताना कॅमेरा किती ताणला) आणि लेन्स किती एमएमवर होती हे सगळं असतं. लोक फक्त एमएम बघतात आणि म्हणतात, "माझे निम्मे फोटो ५५ वर आहेत, म्हणजे मला लांबची लेन्स पाहिजे." हा निष्कर्ष घाईचा आहे. ५५ वर लेन्स अडकते ती दोन कारणांनी. एक, समोरचं खरंच लांब असतं. दोन, पुतणीचा चेहरा मोठा, पाठीमागचा पसारा कमी, असा फोटो हवा असतो, म्हणून आपण रिंग शेवटपर्यंत फिरवतो. पहिल्याला लांब पोचणारी लेन्स लागते, दुसऱ्याला जास्त उघडणारी. दोन्ही ठिकाणी आकडा ५५ च दिसतो. म्हणून आकड्याआधी वेळ बघ. रात्री आठला फसलेला फोटो उजेडाचा, सकाळी साडेसातला नदीवर फसलेला अंतराचा. माझा अंदाज आहे की तुझ्या ढिगात रात्रीचे जास्त निघतील. उलटं निघालं, तर माझं उत्तरही उलटं समज.

आता कुंभाराच्या घरात जाऊ, कारण तुझ्या तिन्ही प्रश्नांपैकी तोच मला सगळ्यात जवळचा आहे. खानापूरच्या मातीकामाचं नाव लांबवर आहे, आणि ते काम चालतं त्या जागा मी खूप पाहिल्यात. उजेड एका दारातून येतो. चाक दाराच्या आत तीन-चार हातांवर असतं. कुंभाराचा एक खांदा उजेडात, दुसरा काळोखात, आणि ओल्या मातीवर दाराचा चौकोन चमकतो. डोळ्यांना हे सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून वाटतं कॅमेऱ्यालाही दिसेल. तुझी १८-५५ पंचावन्नला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. समज आयएसओ ३२०० ठेवून तिथं शटर मिळतं १/३०. एवढ्यात चाक फिरतंच, पण बोटंही सरकतात. मातीत रुतलेल्या अंगठ्याची कड जाते, आणि त्या फोटोचा जीवच त्या कडेत असतो. शटर वाढवायला आयएसओ आणखी चढवलीस की काळ्या भागात दाणे उठतात.

एफच्या आकड्यांचा हिशोब साधा आहे. दोन आकड्यांचा भागाकार करायचा आणि त्याचा वर्ग घ्यायचा. ५.६ भागिले १.८ म्हणजे तीनपेक्षा थोडं जास्त, त्याचा वर्ग साडेनऊच्या वर. म्हणजे ५० एफ/१.८ पूर्ण उघडली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. त्याच दारात, त्याच आयएसओला, १/३० चं शटर १/३०० च्या आसपास जातं.

पण तिथं एफ/१.८ वापरू नकोस. दीड मीटरवरून एफ/१.८ ला तुझ्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसणारी जाडी असते सहा सेंटिमीटरच्या आसपास. अंगठा स्वच्छ आला तर मडक्याचा काठ गेला, आणि चेहरा तर धुक्यात. एफ/२.८ ला ये. जाडी दहा सेंटिमीटरच्या जवळ जाते, दोन्ही हात आणि मातीचा गोळा त्यात बसतो. उजेड तरीही ५.६ च्या चौपट मिळतो, म्हणजे आयएसओ ३२०० ला १/१२५. हात थांबवायला तेवढं पुरतं. चाकावरच्या मातीच्या रेघा थोड्या वाहिल्या तर वाहू देत, चाक फिरतंय हे त्यातूनच कळतं. ही लेन्स घेणारे बहुतेकजण पहिला महिनाभर १.८ वरून हलतच नाहीत आणि मग म्हणतात लेन्स शार्प नाही. तिचं उत्तम काम २.२ ते ४ मध्ये आहे. १.८ असते ती अगदी अडल्या वेळेसाठी.

पुतणीचे फोटो हलतात, त्याचं कारण थोडं वेगळं आहे. तुझ्या १८-५५ मध्ये आयएस म्हणजे स्टॅबिलायझर आहे, तो तुझा हात सावरतो. पोर सावरणं त्याच्या हातात नाही. दोन वर्षांचं मूल १/३० मध्ये मान फिरवून मोकळं होतं. त्यामुळं फोटोत भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ आणि चेहरा पुसलेला, असं दिसत असेल. बघ जाऊन. तसं असेल तर तुला शटर हवंय, स्टॅबिलायझर नव्हे. ५० एफ/१.८ मध्ये स्टॅबिलायझर नाही आणि त्यानं तुझं काही अडत नाही. फक्त १/८० च्या खाली जाऊ नकोस, कारण आता हात तुझा तुलाच सावरायचा आहे.

आता अंतराचं. इथं ५० घेऊन पस्तावलेलेही मी पाहिलेत. १५००डी चा सेन्सर लहान, त्यामुळं ५० ची नजर अरुंद होते, पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ८० दिसावी तशी. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांतल्या खोल्या दहा बाय बारा असल्या तर मोठ्या म्हणायच्या, त्यात एका बाजूला कपाट आणि दुसरीकडं पलंग. भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस आणि पुतणी साडेसहा फुटांवर असली, तर कॅमेरा उभा धरून जवळपास तीन फूट उंच आणि दोन फूट रुंद एवढंच तुला मिळेल. उभं पोर डोक्यापासून पायांपर्यंत कसंबसं बसेल. आजीच्या मांडीवर बसलेली पुतणी छान बसेल. आजी, आई, पुतणी आणि समोरचं ताट, हे नाही बसायचं. त्यासाठी १८-५५ आहेच, तिला कुणी काढून टाकलेलं नाही.

घेण्याआधी आठ दिवसांचा एक प्रयोग कर, पैसे लागत नाहीत. १८-५५ ची झूम रिंग ५५ च्या जराशी अलीकडं आणून कागदी चिकटपट्टीनं पक्की कर. आठ दिवस तीच तुझी ५०. फोटो दाणेदार येतील, येऊ देत. बघायचं एवढंच, की घरात तू मागं सरकताना किती वेळा भिंतीला टेकतेस. दिवसातून एकदोनदा टेकलीस तर ठीक. सारखीच टेकत असशील, तर पट्टी काढून ३५ वर लाव आणि पुन्हा चार दिवस बघ.

३५ वर मोकळं वाटलं तर कॅननवाल्याची जरा अडचण होते, ती आधीच सांगतो. निकॉनकडं लहान सेन्सरसाठीच केलेली ३५ एफ/१.८ आहे, डीएक्स मालिकेतली, २००९ पासूनची. हलकी, छान, आणि खिशाला झेपणारी. कॅननच्या या बाजूला तशी स्वस्त जोडीदार नाही. त्यांची ३५ एफ/२ आयएस चांगली, पण तुझ्या पंधरा हजारांत नवी मिळणार नाही. योंगन्युओची ३५ एफ/२ स्वस्तात येते, फोकस करताना कुरकुर आवाज करते, पण फोटो देते. आणि पुष्कळजण सुचवतात ती २४ एफ/२.८, बिस्किटाएवढी चपटी, १२५ ग्रॅमची. मला ती लेन्स मनापासून आवडते, बाजारात फिरायला तिच्यासारखी नाही. पण तुझ्या दुखण्यावर ती औषध नाही. १८-५५ चोवीसला एफ/४ च्या आसपास उघडते. २.८ आणि ४ मध्ये फरक दुपटीचा. दहापट उजेडासाठी पैसे साठवायचे आणि दुप्पट घेऊन घरी यायचं, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, मग १८ ला जवळ जाऊन काढ, तिथं तर ३.५ मिळतं. मुलांच्या बाबतीत हे करू नकोस. १८ ला हातभर अंतरावरून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान गायब होतात. घरात अशा फोटोवर हसतात, पण वीस वर्षांनी त्या मुलीला तिचा खरा चेहरा बघायला मिळायला हवा.

दुकानदाराच्या बाजूनंही बोलतो, कारण ५५-२५० ही वाईट लेन्स अजिबात नाही. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम (एसटीएम म्हणजे शांत फोकस करणारी मोटर), २०१३ ची, ३७५ ग्रॅम वजनाची. तिच्या किमतीत एवढं चांगलं काम करणारी लांबची लेन्स या कॅमेऱ्यासाठी मी पाहिली नाही. तुझा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटरच्या आसपास. तो दहा मीटरवर बसलाय असं धर. ५५ ला फोटोच्या रुंदीत त्याचा चौदावा हिस्सा येतो, एक निळा ठिपका. २५० ला जवळजवळ एक तृतीयांश रुंदी तो भरतो. फरक मोठा आहे, आणि सकाळच्या उन्हात नदीवर एफ/५.६ ची अडचणही नाही, उजेड मुबलक असतो. भाताच्या शिवारात उतरलेले बगळे तर तिच्यासाठीच आहेत. पण तीच लेन्स घेऊन जांबोटी-कणकुंबीच्या झाडीत गेलीस की पुन्हा अंधार. तिथं धनेश डोक्यावरून जाईल आणि शटर मिळेल १/६०.

म्हणून ५५-२५० तुझी दुसरी लेन्स. ती घेण्याआधी एका रविवारी कुणाची तरी मागून घे, नाहीतर भाड्यानं आण. दोन तास नदीवर फिर. तोवर एक काम फुकटात होतं. बगळे रोज कुठल्या बांधावर उतरतात ते बघून ठेव आणि ते येण्याआधी तिथं जाऊन बस. दहा मीटर अंतर कमी झालं की ती एक लेन्सच झाली.

एक सावधगिरी. ५५-२५० मागितलीस की काही ठिकाणी ७५-३०० पुढं करतात, "हिच्यात तीनशे आहे, शिवाय स्वस्त." ती घेऊ नकोस. तिच्यात स्टॅबिलायझर नाही, आणि तीनशेला ती मऊ, म्हणजे कडा धूसर असलेले फोटो देते. अडीचशेचा स्वच्छ फोटो कापून मोठा केलास तरी तिच्या तीनशेपेक्षा बरा दिसेल.

राजहंसगडावरून दिसणारं शिवार, पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा, हलशीची देवळं, यांच्यासाठी नवी लेन्स नकोच. १८-५५ अठराला एफ/८ वर ठेव, कॅमेरा स्टँडवर, सेल्फ टायमर दोन सेकंद. हवा असेल तर पोलरायझर फिल्टर घे, ५८ एमएमचा. तोच ५५-२५० एसटीएमला बसतो. ५० ला नाही बसत, तिच्या फिल्टरचं माप ४९ आहे.

आता खरेदी. नवी घेणार असशील तर नाव नीट बघून घे. कॅननच्या ५० एफ/१.८ चे दोन अवतार बाजारात फिरतात. जुनी 'टू', १९९० ची, हिची कॅमेऱ्याला बसणारी कडी प्लास्टिकची. नवी एसटीएम, २०१५ ची, कडी धातूची, फोकस शांत, आणि ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. जुनी ४५ वर थांबते. मातीच्या पणतीवरची बोटाची रेघ टिपायची असेल तर हे दहा सेंटिमीटर कामाला येतात. तिसरी एक आहे, आरएफ ५० एफ/१.८, २०२० ची. ती मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी. दिसायला साधारण तशीच, पण तुझ्या कॅमेऱ्याला बसणारच नाही. डब्यावर ईएफ, म्हणजे तुझ्यासारख्या आरशाच्या कॅनन कॅमेऱ्यांची लेन्स, असं लिहिलंय का बघ. उद्या तू मिररलेस घेतलास तर ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यावर चालेल, उलटं चालत नाही.

हे वाचणाऱ्या निकॉनवाल्यांसाठी दोन ओळी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. म्हणून स्वस्तात मिळणारी जुनी ५० एफ/१.८डी तुमच्याकडं हातानंच फोकस करावी लागेल. त्याऐवजी ५० एफ/१.८जी घ्या, 'एएफ-एस' लिहिलेली, तिच्यात मोटर आतच असते. आणि एएफ-पी (नव्या प्रकारच्या मोटरची) लेन्स घेताना आपलं मॉडेल तिला चालतं का हे विचारा, डी३१००, डी३२०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर ती फोकस करत नाही.

वापरलेली जुनी घ्यायची असेल तर आपल्या भागात पहिलं बघायचं ते बुरशी. खानापूर, जांबोटी, कणकुंबी म्हणजे चार महिने भिंतींना ओल. माझ्यावर गुदरलेलं सांगतो. उमेदीच्या काळात मी एका माणसाकडून जुनी लांबची लेन्स घेतली, चामड्याच्या देखण्या केसात. उन्हाळ्यात घेतली, दिवसा बघितली, काच स्वच्छ वाटली. पुढच्या वर्षी एका लग्नात पाठीमागून दिवे आले आणि सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे निघाले. मुलीच्या पाठवणीचे फोटो होते ते, पुन्हा काढता येण्यासारखे नव्हते. रात्री लेन्स उघडी धरून मागून बॅटरी मारली, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. साफ करून घेतली. धागे गेले, पण काचेवरचा लेप त्यांनी खाल्ला होता, तो काही परत आला नाही. त्या घरच्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

म्हणून जुनी लेन्स अंधाऱ्या खोलीत बघायची. दोन्ही टोपणं काढून एका बाजूनं मोबाईलची बॅटरी तिरकी धरायची आणि दुसऱ्या बाजूनं डोळा लावायचा. धुळीचे चार कण चालतात. धागे, जाळं किंवा धुरकट डाग दिसला तर लेन्स खाली ठेवून उठायचं, किंमत कितीही पाडून मिळू दे. मग स्वतःच्या कॅमेऱ्याला लावून एफ/८ ला समोरच्या भिंतीचा एक फोटो आणि १.८ ला तिरक्या धरलेल्या वर्तमानपत्राचा एक. ज्या ओळीवर फोकस केलास तीच ओळ स्वच्छ आली पाहिजे. पुढची-मागची आली तर ती लेन्स तुझ्या कॅमेऱ्याशी जुळत नाही, आणि १५००डी मध्ये ते दुरुस्त करायची सोय नाही. नवी घेतानाही ही वर्तमानपत्राची परीक्षा दुकानातच कर. लाजू नकोस.

ठेवायला रबरी कडीचा हवाबंद प्लास्टिकचा डबा पुरे. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रता मीटर. मीटर ४० ते ५० मध्ये राहील असं बघ, अगदी कोरडंही नको. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे करायचे, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. चामड्याच्या केसात आणि तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवू नकोस. चामडं ओल धरून बसतं, तांदळाची भुकटी रिंगेत जाते. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लेन्स वापरणं. आठवड्याला हवा-उजेड लागलेल्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही. कपाटात ठेवून दिलेलीवर धरते.

लेन्स हातात आल्यावर पहिल्या आठवड्यातच एक नवीन दुखणं दिसेल. घाबरू नकोस. आतापर्यंत १/३० ला काढत होतीस. आता १/२५०, १/४०० मिळायला लागेल, आणि एलईडीच्या उजेडात काही फोटोंवर आडवे पट्टे येतील, किंवा एक फोटो पिवळा तर पुढचा निळसर. तुला वाटेल लेन्सच खराब. तसं नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. घरातल्या दिव्याखाली शटर १/१०० वर ठेव, पट्टे जातील. पोर बसून खेळत असेल तर १/१०० पुरतं. पळत असेल तर दारात उजेडाला आणून काढ.

कॅमेऱ्याची तबकडी एम (मॅन्युअल) वर, शटर दिव्याखाली १/१०० आणि दारातल्या उजेडात १/१२५, अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) २.५, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२००. फोकसला नऊ ठिपके दिसतात त्यांतला फक्त मधला चालू ठेव, तोच सगळ्यात भरवशाचा. तो पुतणीच्या जवळच्या डोळ्यावर ठेवायचा. दोन मीटरवरून २.५ ला पंधरा सेंटिमीटरची जाडी मिळते, दोन्ही डोळे आणि नाक त्यात येतं. मधल्या ठिपक्यावर फोकस धरून कॅमेरा फार तिरका हलवलास तर फोकस सुटतो. त्यापेक्षा थोडं मोकळं काढ आणि नंतर काप, २४ मेगापिक्सेल त्यासाठीच आहेत.

पंधरातले जे उरतील ते दिवाळीपर्यंत तसेच ठेव. ५५-२५० ची जुनी, स्वच्छ काचेची एखादी पावसाळ्यानंतर नजरेला पडली तर मला फोटो पाठव, बॅटरी मारून काढलेला.

आणि लेन्स या महिन्यात मिळाली तर वेळ चांगली आहे. दिवाळीच्या आधी पणत्यांचं काम सुरू होतं, आणि ते संध्याकाळी दिवा लावूनही चालतं. कुंभारमामांना विचारून दाराच्या आतल्या बाजूला बस, त्यांच्या उजेडाच्या आड येऊ नकोस. चाकावरच्या गोळ्यातून एक पणती कापून बाजूला ठेवेपर्यंत त्यांचे हात किती वेळा थांबतात ते आधी नुसतं बघ, कॅमेरा मांडीवर ठेवून. दोऱ्यानं पणती कापायच्या आधी क्षणभर बोटं स्थिर होतात. एफ/२.८, १/१२५ (दिवा लावलेला असेल तर १/१००), फोकस त्या बोटांवर. आलेल्या फोटोंतले दोन पाच बाय सातच्या कागदावर छापून त्यांना नेऊन दे.